सिकलसेल असलेल्या मुलाला सुई टोचताना: नव्या आई-वडिलांसाठी मार्गदर्शन

सिकलसेलचे निदान झाल्यावर आई-वडिलांना हाडांत उठणाऱ्या कळांबद्दल, तापाबद्दल, भरपूर पाणी पाजण्याबद्दल पुष्कळ सांगितले जाते आणि ते सांगायलाच हवे. पण उपचार करताना मुलाला जे दुखते त्याबद्दल फार थोडे बोलले जाते. ‘एक सुईच तर आहे’ असे म्हणून तो विषय संपवला जातो. प्रत्यक्षात या मुलांच्या वाट्याला एकच सुई येत नाही. हायड्रॉक्सीयुरिया हे कळांचे झटके कमी करणारे औषध सुरू केल्यावर त्याची मात्रा बसेपर्यंत साधारण दर ४ आठवड्यांनी आणि पुढे २-३ महिन्यांनी रक्त तपासावे लागते. ज्या मुलाला नियमित रक्त चढवावे लागते त्याला दर ३-४ आठवड्यांनी कॅन्युला, म्हणजे शिरेत ठेवायची बारीक नळी, लागते आणि रक्त जुळवून पाहण्यासाठी वेगळा नमुनाही द्यावा लागतो. न्युमोकोकल, मेनिंगोकोकल अशा लसी असतात. आणि कळांचा झटका आला की सलाईन असतेच. या सुयांची मोजदाद मोठी माणसे ठेवत नाहीत, मूल मात्र ठेवते.

मुलांच्या वॉर्डात परिचारिका म्हणून अनेक वर्षे काम केल्यावर माझे ठाम मत झाले आहे की पहिल्या काही सुया कशा टोचल्या जातात यावर पुढची सगळी वर्षे अवलंबून असतात. पहिल्या वेळी दुखणे कमी करण्याची काळजी घेतली नाही, तर पुढच्या वेळी चांगले औषध देऊनही लहान मुलांना अधिक दुखते, हे अभ्यासांतूनही दिसले आहे. त्यातच सिकलसेल असलेल्या अनेक मुलांची मज्जासंस्था वारंवारच्या कळांमुळे अधिक संवेदनशील झालेली असते, आणि इतरांना नुसता गार किंवा गरम वाटणारा स्पर्श त्यांना लवकर दुखरा वाटू लागतो. म्हणून असे मूल सुईला पाहून ओरडू लागले, तर ते लाडावलेले आहे असा निष्कर्ष कृपा करून काढू नये.

या आजारात आणखी एक अडचण आहे. ऑक्सिजन कमी पडला, शरीरातले पाणी घटले, थंडी वाजली किंवा रक्त एका जागी तुंबून राहिले, की तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटते, पेशी ताठ होऊन विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. त्यामुळे इतर मुलांसाठी चालणारे काही सोपे उपाय या मुलांसाठी योग्य नसतात. ते कोणते, हे पुढे त्या त्या टप्प्यावर सांगितले आहे.

पहिली पायरी: टाळता येणारी सुई टाळणे

डॉक्टरांना निःसंकोच विचारावे की ही सुई आवश्यक आहे का आणि आजच आवश्यक आहे का. पाच वर्षांखालील मुलाला जंतुसंसर्गापासून वाचवण्यासाठी पेनिसिलीन देतात. ते तोंडाने दिवसातून दोनदा नेमाने देता येत असेल, तर ३-४ आठवड्यांनी द्यावे लागणारे इंजेक्शन टळते. वारंवार रक्त चढवल्याने शरीरात साठलेले लोह काढण्यासाठी त्वचेखाली सुई ठेवून तासन्‌तास द्यावे लागणारे डिफेरॉक्झामिन आहे, तसे पोटात घ्यायचे डिफेरासिरॉक्सही आहे. मुलासाठी कोणते योग्य, हा निर्णय डॉक्टरांचा. पण हा प्रश्न आई-वडिलांनी विचारलाच नाही, तर तो निर्णय सवयीने घेतला जाण्याची शक्यता असते. त्याचप्रमाणे दोन वेगवेगळ्या विभागांनी सांगितलेल्या तपासण्या एकाच नमुन्यातून होतील का, आणि कॅन्युला लावतानाच रक्तही काढून घेता येईल का, हे आधी जुळवून घ्यावे. सकाळी एक सुई आणि दुपारी दुसरी, असे निव्वळ कागद एकत्र न आल्यामुळे घडताना मी अनेकदा पाहिले आहे.

कोणत्या भेटीत सुई नाही, हेही मुलाला सांगणे तितकेच महत्त्वाचे आहे. आजाराच्या तीव्र प्रकारांत २ ते १६ वर्षे वयापर्यंत वर्षातून एकदा मेंदूच्या रक्तवाहिन्यांची डॉप्लर तपासणी करतात. त्यात कानशिलावर जेल लावून एक यंत्र टेकवतात, काहीही टोचत नाहीत. हे आधी सांगितलेले मूल त्या खोलीत शांत बसते. न सांगितलेले मूल दारातच रडू लागते आणि मग तपासणी नीट होत नाही.

दुसरी पायरी: घरून निघण्यापूर्वी

मुलाला खरे सांगावे. ‘काही दुखणार नाही’ हे वाक्य पूर्णपणे सोडून द्यावे, कारण ते एकदा खोटे ठरले की पुढच्या खऱ्या वाक्यावरही विश्वास उरत नाही. ‘हाताला चिमटा काढल्यासारखे होईल, मी दहापर्यंत मोजेन आणि तेवढ्यात होईल, आधी मलम लावू म्हणजे कमी लागेल’ असे म्हणता येते. दोन-तीन वर्षांच्या मुलाला निघण्याच्या थोडे आधी सांगितले तरी पुरते, कारण त्याला उद्या म्हणजे काय हे अजून उमगत नाही. शाळकरी मुलाला मात्र आदल्या दिवशी सांगावे, म्हणजे त्याला प्रश्न विचारायला वेळ मिळतो. सुईची भीती शिक्षा म्हणून कधीही घालू नये. ‘ऐकलं नाहीस तर डॉक्टर सुई टोचतील’ हे वाक्य साध्या घरात हसण्यावारी जात असेल, पण ज्या मुलाला खरोखरच दर महिन्याला सुई घ्यायची आहे त्याच्या मनात उपचार म्हणजे शिक्षा असे समीकरण त्यातून बसते.

आदल्या दिवसापासून पाणी आणि पातळ पदार्थ भरपूर द्यावेत. शरीरात पाणी पुरेसे असले की शिरा भरलेल्या राहतात, पहिल्याच प्रयत्नात सापडतात आणि आजाराच्या दृष्टीनेही ते हिताचेच असते. अंगात गरम कपडे असावेत आणि हात विशेष करून उबदार ठेवावेत.

तिसरी पायरी: बधिर करणारे मलम

माझ्या मते आई-वडिलांच्या हाती असलेला सर्वांत उपयोगी उपाय हाच आहे, आणि तो वाया जातो तो वेळेच्या चुकीमुळे. लिडोकेन आणि प्रिलोकेन यांचे मिश्रण असलेले मलम त्वचेवर निदान एक तास राहावे लागते. ते चोळून जिरवायचे नसते. जाड थर ठेवून त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावायची असते. रुग्णालयात पोहोचल्यावर, नंबर लागण्याआधी दहा मिनिटे लावलेले मलम जवळजवळ काहीच करत नाही, आणि मग ‘मलमाने फरक पडत नाही’ असा समज होतो. म्हणून डॉक्टरांकडून मलम आधीच लिहून घ्यावे, नेमके कुठे लावायचे ते परिचारिकेकडून पेनाने खूण करून घ्यावे आणि घरूनच लावून निघावे. पहिली शीर मिळाली नाही तर दुसरी जागाही बधिर असावी, यासाठी दोन ठिकाणी लावणे बरे. मात्र एकूण किती मलम आणि किती वेळ, याला वय आणि वजनानुसार मर्यादा आहे, विशेषतः तान्ह्या बाळांत, ती विचारून घ्यावी.

या मलमाने त्वचा फिकट पडते आणि शिरा थोड्या आकसतात. म्हणून पट्टी काढून मलम पुसल्यावर पाच-दहा मिनिटे थांबावे. बधिरपणा तेवढ्यात जात नाही, शीर मात्र पुन्हा वर येते. टेट्राकेनचे जेल मिळत असेल, तर ते साधे रक्त काढण्यापूर्वी सुमारे ३० मिनिटे आणि कॅन्युलापूर्वी सुमारे ४५ मिनिटे लावले तरी चालते आणि त्याने शिरा उलट फुगतात.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. प्रिलोकेनमुळे क्वचित रक्तातील हिमोग्लोबिनची ऑक्सिजन वाहण्याची क्षमता कमी होऊ शकते. अगदी लहान बाळांत आणि जी-सिक्स-पी-डी या विकराची कमतरता असलेल्यांत हा धोका अधिक असतो. ही कमतरता आणि सिकलसेल एकाच मुलात आढळू शकतात, त्यामुळे मलम लिहून घेताना ती तपासणी झाली आहे का, हे जरूर विचारावे. कमतरता असेल तर प्रिलोकेन नसलेले दुसरे मलम निवडता येते.

थंडी नको, ऊब हवी

इतर मुलांना सुई टोचण्यापूर्वी बर्फ लावतात, गार फवारा मारतात किंवा बर्फाची पिशवी जोडलेले थरथरणारे छोटे यंत्र हातावर ठेवतात. सिकलसेल असलेल्या मुलासाठी हे टाळावे, कारण थंडीने रक्तवाहिन्या आकसतात आणि कळांचा झटका येण्यास निमित्त होऊ शकते. थरथरणारे यंत्र बर्फाशिवाय वापरायला हरकत नाही. नवीन सहकारी अनेकदा चांगल्या हेतूने गार फवारा घेऊन येतात. तेव्हा ‘तिला सिकलसेल आहे, थंड काही लावू नका’ हे शांतपणे आणि स्पष्टपणे सांगावे. त्याऐवजी मलम पुसून झाल्यावर कोमट पाण्यात भिजवून पिळलेला टॉवेल हातावर काही मिनिटे गुंडाळावा. त्याची उष्णता आधी स्वतःच्या मनगटावर पाहावी आणि मलम अंगावर असताना शेक देऊ नये, कारण उष्णतेने औषध अधिक शोषले जाते.

चौथी पायरी: प्रत्यक्ष टोचताना

सात वर्षांची एक मुलगी आठवते. मागच्या वेळी चौघांनी तिला टेबलावर दाबून धरले होते. या वेळी ती आईच्या मांडीवर, आईच्या छातीला छाती टेकवून, दोन्ही पाय आईच्या कमरेभोवती टाकून बसली. डावा हात आईच्या काखेखालून मागे आला होता आणि तो उशीवर ठेवला होता. हात कोणता, हे तिनेच ठरवले होते. आई तिला भिंतीवरच्या चित्रातले मासे मोजायला सांगत होती आणि ती दर माशाला एक लांब फुंकर मारत होती. कॅन्युला आत गेली तेव्हा तिने मान वळवून पाहिले, ‘झालं?’ असे विचारले आणि पुन्हा सहाव्या माशापासून मोजायला लागली. हात तोच, सुई तीच, आजारही तोच. बदलले होते ते फक्त बसणे, मलम आणि तिला मिळालेली निवड.

म्हणून मुलाला आडवे पाडून दाबण्याऐवजी बसवून, कुशीत घेऊन धरावे. निवड खरी असेल तेवढीच द्यावी: कोणता हात, पाहायचे की नाही, कोण मोजणार. ‘सुई घ्यायची का?’ असा प्रश्न विचारू नये, कारण ‘नको’ या उत्तराचा मान आपण राखणार नसतो. लक्ष वळवण्यासाठी साबणाचे फुगे, कागदी भिरभिरे, मोबाईलवरचा आवडता खेळ, जे त्या मुलाला भावते ते घ्यावे. लांब फुंकर हवी. भराभर श्वास किंवा श्वास रोखणे नको. ‘घाबरू नकोस’, ‘सॉरी बाळा’, ‘झालं हं, झालं’ असे पुन्हा पुन्हा म्हणण्याने मुलाची भीती वाढते असे दिसून आले आहे, कारण मोठी माणसे घाबरली आहेत हे त्याला त्यातून कळते. त्याऐवजी ‘आता सहावा मासा कुठे आहे?’ हे वाक्य जास्त उपयोगी पडते.

काही गोष्टी टोचणाऱ्या व्यक्तीशी आधी बोलून घ्याव्यात. दंडावर बांधलेला रबरी पट्टा एक मिनिटाहून जास्त ठेवू नये. शीर शोधायला वेळ लागत असेल तर पट्टा सोडून पुन्हा बांधावा, कारण घट्ट बांधलेल्या हातात रक्त तुंबते. पायाच्या, विशेषतः घोट्याच्या शिरा शक्यतो टाळाव्यात. या आजारात घोट्याजवळ चिघळणाऱ्या जखमा होण्याची प्रवृत्ती असते. एका व्यक्तीने दोनदा प्रयत्न करूनही शीर मिळाली नाही, तर थांबून अधिक अनुभवी व्यक्तीला किंवा सोनोग्राफीच्या मदतीने शीर शोधणाऱ्याला बोलवावे. अशी विनंती केल्याने कोणाचा अपमान होत नाही. चांगली परिचारिका स्वतःच थांबते.

मूल रुग्णालयात दाखल असेल तर सुई त्याच्या खाटेवर न टोचता उपचारांच्या वेगळ्या खोलीत टोचावी, म्हणजे खाट ही निर्धास्तपणे झोपण्याची जागा राहते.

तान्ह्या बाळासाठी

नवजात बाळाला दुखत नाही हा समज वैद्यकातही विसाव्या शतकाच्या नवव्या दशकापर्यंत टिकून होता, आणि त्या काळी बाळांवर अपुऱ्या भुलीत शस्त्रक्रियाही होत असत. हे वाचताना आजही मन अस्वस्थ होते. बाळाला दुखते. अंगावर पाजता पाजता टोचणे हा सर्वांत साधा आणि परिणामकारक उपाय आहे. पाजणे शक्य नसेल तर २४ टक्के साखरेच्या द्रावणाचे काही थेंब टोचण्याच्या दोन मिनिटे आधी जिभेवर देतात आणि बाळाला उघड्या छातीशी धरतात. पूर्ण दिवसांच्या बाळाचे रक्त काढताना, कुशल हात असेल तर टाचेला टोचण्यापेक्षा शिरेतून काढलेले कमी दुखते. एकाच दिवशी अनेक लसी असतील तर सर्वांत जास्त झोंबणारी लस शेवटी द्यायला सांगावी. लसीपूर्वी पॅरासिटामॉल देण्याची गरज नसते. सुईच्या दुखण्यावर ते काम करत नाही.

मूल आधीच कळांनी तळमळत असेल तेव्हा

येथे क्रम उलटा होऊ देऊ नये. झटका घेऊन आलेल्या मुलाच्या हातात आधी शीर शोधायची, ती मिळेपर्यंत अर्धा-पाऊण तास जाऊ द्यायचा आणि मग वेदनाशामक द्यायचे, हे चुकीचे आहे. रुग्णालयात पोहोचल्यापासून एका तासाच्या आत, आणि शक्य तर तपासणी कक्षात नोंद झाल्यापासून ३० मिनिटांत पहिले वेदनाशामक मिळावे, अशी या आजाराच्या उपचारांची मान्य पद्धत आहे. नाकात फवारण्याचे फेंटॅनिल किंवा तोंडाने घेण्याचे मॉर्फिन यांना सुई लागत नाही. ते दिल्यावर मूल थोडे सैलावले की कॅन्युला लावणे सर्वांनाच सोपे जाते. मूल तोंडाने पाणी पिऊ शकत असेल, तर सलाईनची गरज आहे का, हेही विचारावे.

भूल देऊन करायच्या प्रक्रिया

पोर्ट (वारंवार सुया लागणाऱ्यांसाठी त्वचेखाली ठेवायची, शिरेला जोडलेली छोटी डबी) बसवणे, अस्थिमज्जेचा नमुना घेणे, पाठीतून पाणी काढणे किंवा पित्ताशयाची शस्त्रक्रिया यांसाठी भूल किंवा गुंगी द्यावी लागते आणि ती द्यावीच; पण या मुलांत त्याची तयारी वेगळी असते. उपाशी राहण्याचा काळ लांबता कामा नये. साधारणपणे हलके घन अन्न ६ तास, आईचे दूध ४ तास आणि निव्वळ पाणी २ तास आधीपर्यंत चालते. रात्री दहापासून दुपारपर्यंत मुलाला कोरडे ठेवणे हे या आजारात धोक्याचे आहे. म्हणून यादीत पहिला क्रमांक मागावा आणि उशीर होणार असेल तर सलाईन सुरू करायला सांगावे. भूलतज्ज्ञांना पुढील गोष्टी आवर्जून सांगाव्यात: आजाराचा प्रकार, शेवटचा झटका कधी आला, छातीत संसर्गासारखा त्रास पूर्वी झाला होता का, रक्त कधी चढवले. गुंगी जास्त झाली की श्वास उथळ होतो आणि ऑक्सिजन घटतो. म्हणून गुंगीत असताना आणि नंतर पूर्ण जाग येईपर्यंत बोटाला ऑक्सिजन मोजणारी क्लिप असलीच पाहिजे. नंतर फुप्फुसे उघडी राहावीत म्हणून श्वास आत ओढण्याच्या यंत्रातून, म्हणजे इन्सेन्टिव्ह स्पायरोमीटरमधून, मूल जागे असताना दर दोन तासांनी १० दीर्घ श्वास घ्यायला लावतात. दुखते म्हणून मूल टाळाटाळ करत असेल तर व्यायाम सोडून न देता वेदनाशामकाची मात्रा पाहायला सांगावी.

काही ठिकाणी हुंगण्याचा नायट्रस ऑक्साइड वायू वापरतात. कधीतरी तो उपयोगी असतो. वारंवार दिला जात असेल तर जीवनसत्त्व बी-१२ तपासून घ्यावे, कारण त्याची कमतरता होऊन मज्जातंतूंना इजा होऊ शकते.

पाचवी पायरी: सुई निघाल्यानंतर

टोचलेली जागा कापसाने दोन-तीन मिनिटे दाबून धरावी, चोळू नये. मग मुलाशी बोलावे, आणि जे चांगले झाले ते नेमके सांगावे: ‘तू हात अजिबात हलवला नाहीस, म्हणून एकाच प्रयत्नात झाले.’ मुलाच्या आठवणीत जे राहते त्यावर पुढची भीती ठरते, आणि ती आठवण या पहिल्या काही मिनिटांत आकार घेते. रडले म्हणून रागावू नये. रडूनही हात स्थिर ठेवता येतो.

त्यानंतर दोन दिवस लक्ष ठेवावे. सुईचे दुखणे त्याच जागी असते आणि कमी होत जाते. दुखणे वाढत गेले, पाठ, मांड्या, छाती अशा ठिकाणी पसरले, किंवा तान्ह्या बाळाचे हात-पाय सुजून ते हात लावू देईना, तर तो झटका समजून डॉक्टरांना कळवावे. ताप ३८.५ अंश सेल्सियस किंवा अधिक, धाप लागणे, छातीत दुखणे, एका बाजूची कमजोरी, अडखळते बोलणे, यांपैकी काहीही दिसले तर घरी वाट पाहू नये, लगेच रुग्णालय गाठावे. घरच्या वेदनाशामकांत पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे द्यावे. आयबुप्रोफेन देण्यापूर्वी मूत्रपिंडाबद्दल डॉक्टरांना विचारावे. अॅस्पिरिन स्वतःच्या मनाने देऊ नये.

एक वही ठेवावी. तारीख, कोणत्या हाताची कोणती शीर, किती प्रयत्न, कोणते मलम किती वाजता लावले, काय जमले आणि काय नाही, एवढे पुरे. दुखण्याचा आकडाही लिहावा. बोलू न शकणाऱ्या मुलाचा चेहरा, पाय, हालचाल, रडणे आणि शांत होणे या पाच गोष्टींना प्रत्येकी ० ते २ असे गुण देऊन १० पैकी बेरीज करतात. साधारण चार वर्षांपासून मूल चेहऱ्यांच्या चित्रांवर बोट ठेवू शकते, आणि आठच्या पुढे ० ते १० मधला आकडा स्वतः सांगते. आकडा मुलाचाच लिहावा, आपल्याला वाटला तो नाही. नव्या ठिकाणी, नव्या परिचारिकेसमोर ही वही उघडून ‘उजव्या कोपराची शीर मिळते, डाव्या मनगटाला मागे तीनदा प्रयत्न फसले’ असे दाखवता येते. मूल दहा-अकरा वर्षांचे झाले की वही त्याच्याच हातात द्यावी आणि हे वाक्य त्यालाच बोलू द्यावे. आई-वडिलांनी शेजारी उभे राहावे.